आज रात्रीचा पत्ता

मोटरहोमच्या जाहिरातीत एक चित्र हमखास असतं. निळं तळं, मागे बर्फाचा डोंगर, समोर पांढरी गाडी आणि गाडीबाहेर खुर्चीत बसून चहा पिणारं कुटुंब. ती गाडी तिथे पोहोचली कशी, तिथे उभं राहायची परवानगी होती का, आदल्या रात्री ती कुठे होती, हे त्या चित्रात नसतं. चाकांवरच्या घराला रोज संध्याकाळी एक नवा पत्ता लागतो. परक्या देशात, अनोळखी रस्त्यावर, अंधार पडायच्या आत तो सापडावा लागतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या आमच्या दहा दिवसांच्या प्रवासात हे काम माझ्याकडे होतं. नवरा गाडी चालवणार, मी वाट दाखवणार आणि मुक्काम ठरवणार, अशी वाटणी आम्ही बडोद्याहून निघतानाच केली होती.

आमच्या शोधाला एक अट होती. माझ्या सासूबाई आमच्याबरोबर होत्या आणि त्यांचं सीपॅप यंत्रही.

ज्यांच्या घरी हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्लीप अ‍ॅप्निया या विकारात झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडतो. सीपॅप यंत्र रात्रभर नळीतून आणि मास्कमधून हलक्या दाबाने हवा सोडतं आणि श्वासाची वाट मोकळी ठेवतं. आईंना हा विकार असल्याचं दोन वर्षांपूर्वी कळलं. त्यांना रक्तदाबही आहे, त्यामुळे यंत्र रोज लावायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंत्राने त्यांची झोप सुधारली, पण त्यांनी घराबाहेर राहणंच सोडलं. भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्या त्या संध्याकाळी परत फिरल्या. "माझं हे लोढणं घेऊन कुठे यायचं? तुम्ही जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं.

हॉटेलात वीज असते, मग मोटरहोमच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण साधं होतं. रोज नवी खोली, नवा जिना, बॅगांची उचलाउचल आईंच्या गुडघ्यांना झेपत नाही. मोटरहोममध्ये त्यांचा पलंग, त्यांचा चहाचा डबा आणि त्यांचं यंत्र सगळं एका जागी राहणार होतं. प्रश्न फक्त रात्रीच्या विजेचा होता.

कुठे उभं राहता येतं?

न्यूझीलंडमध्ये मुक्कामाच्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार हॉलिडे पार्क. इथे प्रत्येक गाडीला आखलेली जागा मिळते, विजेचा खांब असतो, गरम पाण्याचे शॉवर, सामायिक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रं असतात. वीजजोडणी असलेली आणि नसलेली जागा असे दोन भाव असतात. गाडीबरोबर एक जाड केबल मिळते. तिचं एक टोक गाडीला आणि दुसरं खांबाला लावलं की घरात 230 व्होल्टची वीज खेळते, अगदी आपल्यासारखी.

दुसरा प्रकार डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनच्या, म्हणजे तिथल्या निसर्गरक्षण खात्याच्या जागा. लोक त्यांना नुसतं 'डॉक'च्या कॅम्पसाइट म्हणतात. देखावा अप्रतिम, दर कमी, सोयी बेताच्या. बऱ्याच ठिकाणी फक्त शौचालय आणि पाण्याचा नळ असतो, आणि ते पाणीही उकळून प्यावं लागतं. वीज क्वचितच मिळते. काही जागा आधी ऑनलाइन राखून ठेवाव्या लागतात, काही ठिकाणी जो आधी येईल त्याला जागा.

तिसरा प्रकार म्हणजे फ्रीडम कॅम्पिंग, मोकळ्या सार्वजनिक जागेत फुकट मुक्काम. नाव ऐकून वाटतं की कुठेही गाडी लावावी. तसं मुळीच नाही. 2011 च्या कायद्याने स्थानिक परिषदांना यावर नियम करायचे अधिकार दिले, आणि 2023 मध्ये नियम आणखी कडक झाले. परिषदेच्या जमिनीवर असा मुक्काम करायचा तर साधारणपणे गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय आणि तसं प्रमाणपत्र लागतं. एका तळ्याकाठी चालतं, पुढच्या वळणावर मनाई असते. फलक न वाचता उभं राहिलं तर शेकडो डॉलरचा दंड बसतो.

आमचा हिशेब सोपा होता. गाडीत घरगुती वापराची 12 व्होल्टची वेगळी बॅटरी होती. आईंच्या यंत्रासाठी आम्ही 12 व्होल्टचा अडॉप्टर विकत घेतला होता, आणि हवेत ओलावा आणणारा ह्युमिडिफायर एक-दोन रात्री बंद ठेवला तर चालेल असं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. ह्युमिडिफायर बंद असला की यंत्र फारच कमी वीज खातं. पहिली रात्र ख्राइस्टचर्चच्या हॉलिडे पार्कमध्ये काढली. तिथे विजेचा खांब शेजारी असूनही आम्ही मुद्दाम केबल लावली नाही. बॅटरीवर यंत्र रात्रभर चालतं का, ही चाचणी गावात, दवाखाना जवळ असताना करायची होती. सकाळी यंत्र चालू होतं आणि आई ताज्यातवान्या होत्या. तेव्हा नियम ठरला: एक रात्र बॅटरीवर चालेल, दुसऱ्या रात्री वीज हवी.

फोनला गाडीची उंची माहीत नसते

न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना पर्यटकाला चालतो. त्यामुळे गाडी चालवण्याची भीती लवकर गेली. वाट दाखवण्याचं काम मात्र वाटलं त्यापेक्षा वेगळं निघालं.

फोनवरचा नकाशा छोट्या मोटारीसाठी विचार करतो. आमची गाडी सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच होती, हे त्याला ठाऊक नसतं. तो जवळचा रस्ता सुचवतो; तो रस्ता खडीचा असू शकतो. भाड्याच्या करारात खडीच्या रस्त्यांवर सहसा बंदी असते, आणि काही रस्त्यांवर तर विमाच लागू होत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. म्हणून मी रोज सकाळी पूर्ण मार्ग बोटाने सरकवत बघायची. शेवटचे पाच किलोमीटर तर दोनदा. कॅम्पसाइट चुकते ती बहुधा शेवटच्या वळणावर.

वेळेचंही तसंच. ख्राइस्टचर्च ते टेकापो सुमारे 225 किलोमीटर. फोन म्हणतो तीन तास. घाटात हळू जाणं, मागच्या गाड्यांना वाट द्यायला बाजूला थांबणं, आईंसाठी दर दीड तासाने पाय मोकळे करणं धरून आम्हाला साडेचार लागले. मग मी फोनच्या वेळेत सरळ निम्मी वेळ मिळवायला लागले. एप्रिलच्या मध्यात तिथे साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे चार वाजता मुक्कामी पोहोचायचं असं गणित मांडायचं आणि तिथून उलट मोजत निघायची वेळ ठरवायची.

सिग्नलचा प्रश्न वेगळाच. दक्षिण बेटावर गाव संपलं की फोनचे दांडेही संपतात. संपूर्ण बेटाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा लागतो. कॅम्परमेट आणि रँकर्स ही तिथली दोन लोकप्रिय अ‍ॅप कॅम्पसाइट, पिण्याचं पाणी, शौचालयाची टाकी रिकामी करायची ठिकाणं, सगळं नकाशावर दाखवतात. टाकी रिकामी करणं हे काम नवऱ्याकडे होतं. "यापेक्षा घाटात गाडी चालवणं बरं," असं तो रोज एकदा म्हणायचा.

टपाल खात्याची नजर

आई बडोद्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होत्या. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी पत्रं छाटली. पत्ता हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतातले कवी, हे त्या आमच्या लेकीला प्रत्येक सुट्टीत एकदा सांगतात.

पहिले दोन दिवस त्या खिडकीजवळ गप्प बसून होत्या. टेकापोच्या वाटेवर एका फाट्यावर रस्त्याच्या कडेला टपालपेट्यांची रांग दिसली आणि त्यांनी विचारलं, "या घराचा नंबर 1250 कसा गं? इथे तर चार घरंही दिसत नाहीत."

संध्याकाळी हॉलिडे पार्कच्या कार्यालयात मी तोच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून आई खूश झाल्या. न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात घराचा क्रमांक अंतरावरून ठरतो. रस्त्याच्या सुरुवातीपासून घराच्या फाटकापर्यंतचे मीटर मोजायचे आणि दहाने भागायचे. 1250 क्रमांकाचं घर म्हणजे रस्ता सुरू झाल्यापासून साडेबारा किलोमीटरवर. अग्निशमनाची गाडी असो की रुग्णवाहिका, चालकाला किती आत जायचं ते क्रमांकावरूनच कळतं.

"हे खरं पत्त्याचं शास्त्र," आई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पुढच्या बाजूला बसल्या. फोनचा सिग्नल गेला की लेक गाडीच्या मीटरवर किलोमीटर मोजायची आणि आजी क्रमांक वाचायची. "आता अकरा झाले, अजून दीड." बहुतेक वेळा फाटक तिथेच असायचं.

आईंनी आणखी एक गोष्ट शिकवली. नुसत्या नावावर विसंबायचं नाही. पामरस्टन नावाचं गाव दक्षिण बेटावर आहे आणि पामरस्टन नॉर्थ हे शहर उत्तर बेटावर. मध्ये समुद्र आहे. बीच रोड तर गावोगावी आहेत. म्हणून त्यांनी एक वही केली. प्रत्येक मुक्कामाचं नाव, गाव, पोस्टकोड, महामार्गाचा क्रमांक, आधीचं ठळक ठिकाण आणि तिथून किती किलोमीटर, असं सगळं ठसठशीत अक्षरात. फोन बंद पडला तरी वही बंद पडत नाही.

तीन नावांचा नियम

तिसरी रात्र आम्ही आओराकी माउंट कुकच्या पायथ्याशी, डॉकच्या व्हाइट हॉर्स हिल कॅम्पसाइटवर काढली. 3,724 मीटर उंचीचं ते शिखर देशातलं सर्वांत उंच. वीज नव्हती. बॅटरीवर यंत्र चाललं. रात्री आई स्वतःहून बाहेर आल्या आणि शाल लपेटून बराच वेळ आकाशाकडे बघत उभ्या राहिल्या. हा सगळा भाग 2012 पासून आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश संरक्षित क्षेत्रात येतो, त्यामुळे आकाशगंगा अगदी डोक्यावर ओतल्यासारखी दिसते.

तिथून लिंडिस खिंडीतून आम्ही वानाकाला पोहोचलो. ईस्टरची सुट्टी तोंडावर होती. न्यूझीलंडची माणसंही अशा सुट्टीत कॅराव्हॅन घेऊन बाहेर पडतात आणि वीजजोडणीच्या जागा ती कितीतरी आधी राखून ठेवतात. वानाकात आम्हाला वीज एकाच रात्रीची मिळाली. दुसरी रात्र जवळच्या अल्बर्ट टाउनच्या नदीकाठच्या कॅम्पग्राउंडवर, विजेविना. त्यापुढची शनिवारची रात्र मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या हास्टला, वीजजोडणीसह, महिनाभर आधी राखून ठेवलेली होती.

रोज एका मुक्कामासाठी आम्ही तीन नावं लिहायचो. पहिलं ठरलेलं ठिकाण. दुसरं त्याच्या तासभर अलीकडचं, म्हणजे उशीर झाला तर तिथे थांबता येईल. तिसरं असं, की जिथे फोन न करता, आधी न सांगताही जाता येईल. शनिवारच्या पानावर आईंच्या अक्षरात होतं: हास्ट, माकारोरा, बाउंड्री क्रीक, डॉक, तळ्याकाठी.

हास्टच्या अलीकडे

वानाका ते हास्ट सुमारे 140 किलोमीटर. आधी हावेआ तळ्याकाठून, मग वानाका तळ्याच्या उत्तर टोकावरून माकारोरा नावाची छोटी वस्ती, आणि त्यापुढे सुमारे 560 मीटर उंचीची हास्ट खिंड. हा रस्ता पश्चिम किनाऱ्याशी पूर्ण जोडला गेला तो 1965 मध्ये. खिंडीच्या पलीकडे पाऊस आपल्या आंबोलीची आठवण करून देणारा. डोंगर उभे, माती सैल; दरड कोसळणं नेहमीचं.

सकाळी सिग्नल असताना रस्त्याची स्थिती पाहिली होती. रस्ता खुला होता, संध्याकाळनंतर जोराच्या पावसाचा अंदाज होता. दुपारी दोनपर्यंत खिंड पार होईल अशा बेताने आम्ही निघालो. पाऊस आमच्या आधी पोहोचला. माकारोराला बाराच्या सुमारास केशरी जाकीट घातलेल्या माणसाने गाडी थांबवली. पुढे खिंडीपलीकडे दरड आली होती. रस्ता बंद, लवकरात लवकर उद्या सकाळी उघडेल, तेही पावसावर अवलंबून.

आम्ही तिथल्या कॅम्पवर वळलो. आमच्यासारखी अडकलेली वाहनं आधीच आली होती. कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, विजेच्या जागा सगळ्या भरल्या आहेत, साधी जागा देता येईल. मी आईंच्या यंत्राबद्दल सांगितलं. त्यांनी वहीवरून बोट फिरवलं, दोन ठिकाणी फोनही केले. वानाकात वीज नव्हती, हावेआतही नव्हती. परत फिरायचं तर साठ किलोमीटर पावसात जाऊन पुन्हा अंधारात जागा शोधणं आलं.

गाडीत बसून आम्ही हिशेब मांडला. आदली रात्र बॅटरीवर गेली होती. तेव्हा हीटरही चालू होता, कारण हीटर डिझेलवर चालला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. सकाळी काटा 12.2 व्होल्टवर होता. तासभराच्या प्रवासात बॅटरी थोडी भरली होती, पूर्ण नाही. 12 च्या खाली जाऊ द्यायची नाही असं गाडी देणाऱ्यांनी सांगितलं होतं. यंत्र आणि हीटर दोन्ही रात्रभर चालतील याची खात्री नव्हती. बाहेर 6 अंश तापमान होतं.

मला एका वाक्याची धास्ती होती. "राहू दे, एक रात्र यंत्राशिवाय झोपेन." नाशिकच्या लग्नापासून दोन वर्षं आईंनी हेच केलं होतं. अडचण दिसली की स्वतःला बाजूला काढायचं. मी उत्तरं जुळवून बसले होते. डॉक्टर काय म्हणाले ते, रक्तदाबाचं, सगळं.

आईंनी विचारलं, "सगळ्यात जास्त वीज कोण खातं?"

"हीटरचा पंखा आणि फ्रिज," नवरा म्हणाला.

"मग दोन्ही बंद करा. फ्रिजमध्ये आहे काय? दूध आणि दही. बाहेर 6 अंश आहेत, बाहेरच ठेवा. शाली काढा. मला यंत्र लागेल आणि तुम्हाला थंडी वाजेल. एक रात्र सोसा." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "तू माझ्याजवळ झोप. नळीला लाथ मारायची नाही."

मी जुळवून ठेवलेलं एकही उत्तर लागलं नाही.

त्या संध्याकाळी गॅसवर खिचडी केली. गॅसला वीज लागत नाही. कुकरच्या वाफेने गाडी तासभर उबदार राहिली. नऊ वाजता दिवे बंद केले. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की यंत्राचा आवाज ऐकू येईना, म्हणून मी मोबाइलच्या उजेडात मधूनमधून आईंचा मास्क बघायची. दहा वाजता काटा 12.5. दोन वाजता 12.4. नवरा दोन स्वेटर आणि कानटोपी घालून झोपला होता. पहाटे पाचला 12.3. लेक आजीच्या कुशीत गाढ झोपली होती, नळी दोघींच्या मधून नीट गेली होती. मला शेवटी साडेपाचला झोप लागली.

सकाळी आई माझ्याआधी उठल्या होत्या. यंत्राच्या पडद्यावर रात्रीचे तास बघून म्हणाल्या, "सात तास वीस मिनिटं." आणि मग, "तू मात्र जागीच होतीस वाटतं. चहा मी करते."

खिंडीपलीकडे

रस्ता अकराच्या सुमारास एका बाजूने उघडला. दरडीपाशी गाड्या एकामागून एक सोडत होते. पुढे धबधबेच धबधबे, आणि हास्टला नदीवरचा तो प्रसिद्ध एकेरी पूल. 700 मीटरहून लांब असलेला हा देशातला सर्वांत लांब एकेरी पूल आहे. समोरून गाडी आली तर थांबायला मध्ये जागा ठेवल्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल पदोपदी लागतात आणि त्यांचे फलक आधी पाठ करून जावेत. लाल कडेचा गोल फलक, त्यात आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर आपण थांबायचं. निळा चौकोनी फलक, त्यात आपला बाण मोठा आणि पांढरा असेल तर आपण आधी जायचं. तरीही समोर बघूनच.

हास्टची आमची जागा एक दिवस वाया गेली होती. पण आदल्या दिवशीच माकारोराच्या कार्यालयातून फोन केला होता, त्यामुळे तिथल्या मालकांनी ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली आणि आमचे अर्धे पैसे परत केले. पोहोचणार नसाल तर कळवायचं, ही तिथली रीत. त्या रात्री फॉक्स ग्लेशियर गावात विजेचा खांब मिळाला. नवऱ्याने केबल लावली, हीटर सुरू झाला, आणि लेकीने टाळ्या वाजवल्या.

पुढे होकिटिकाला आईंनी दोन पोस्टकार्डं घेतली. एक बडोद्याच्या त्यांच्या जुन्या कार्यालयातल्या मैत्रिणीला. दुसरं नाशिकला, भाचीला. पिनकोड लिहिताना प्रत्येक आकडा वेगळा, सुटा. "हे पोचेल," असं म्हणून त्यांनी ते पेटीत टाकलं. तिथून आर्थर्स पासच्या 920 मीटर उंचीच्या खिंडीतून आम्ही ख्राइस्टचर्चला परतलो.

तुम्ही निघणार असाल तर

घरातल्या ज्येष्ठांना किंवा आजारी माणसाला घेऊन मोटरहोमने जायचा विचार असेल, तर आमच्या अनुभवातल्या काही गोष्टी उपयोगी पडतील.

गाडी ठरवण्याआधी विजेची गरज लिहून काढा. सीपॅप, नेब्युलायझर, इन्सुलिनसाठी फ्रिज, जे काही असेल ते. प्रत्येक यंत्र 12 व्होल्टवर चालतं का, किती तास, हे यंत्राच्या विक्रेत्याला विचारा. ह्युमिडिफायर बंद ठेवण्यासारखे निर्णय मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सीपॅप विमानात हातातल्या सामानात ठेवा आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत असू द्या.

पहिली रात्र शहरात काढा आणि तिथेच बॅटरीची चाचणी घ्या. सलग दोन रात्री विजेविना ठरवू नका. एक रात्र परिस्थितीसाठी राखून ठेवा. आमची माकारोराची रात्र त्या राखीव रात्रीतूनच निघाली.

जाण्याच्या तारखा तिथल्या सुट्ट्यांशी ताडून पाहा. ईस्टर, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्यांत वीजजोडणीच्या जागा आधी संपतात. अशा रात्रींसाठी आगाऊ नोंदणी करा, बाकीच्या मोकळ्या ठेवल्या तरी चालतील.

जागेची नोंद करताना नुसतं नाव नको. महामार्गाचा क्रमांक, आधीच्या गावापासूनचं अंतर आणि जमल्यास अक्षांश-रेखांश घ्या. हॉलिडे पार्कचं कार्यालय संध्याकाळी बंद होतं. उशीर होणार असेल तर आधी फोन करा. बऱ्याच ठिकाणी ते तुमच्या नावाचं पाकीट आणि जागेचा क्रमांक बाहेरच्या फळ्यावर लावून ठेवतात.

घाटरस्त्यावर निघण्याआधी रस्त्याची स्थिती आणि हवामान दोन्ही पाहा, टाकी भरून घ्या आणि दिवसभराचं खाणंपाणी गाडीत ठेवा. न्यूझीलंडमध्ये आणीबाणीचा क्रमांक 111 आहे. गावोगावच्या आय-साइट माहिती केंद्रांत आणि डॉकच्या केंद्रांत जाऊन विचारा. तिथली माणसं त्या दिवशीचा रस्ता फोनपेक्षा चांगला ओळखतात.

आणि ज्यांना घेऊन जाताय त्यांना कामाला लावा. मागच्या सीटवर बसवून नुसतं जपू नका. वही द्या, नकाशा द्या, एखादा निर्णय त्यांच्यावर सोपवा.

आमच्याकडे आता नवा विषय सुरू आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं, हे आईंनी कुठेतरी वाचलंय. गेल्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याला कोकणाचा मोठा कागदी नकाशा आणायला सांगितला. तो आता जेवणाच्या टेबलावर पसरलेला असतो आणि ताटं ठेवायला जागा उरत नाही. वहीत वेळणेश्वर, गणपतीपुळे, मालवण अशी नावं आहेत. प्रत्येकापुढे पिनकोड लिहिलाय. आणि प्रत्येकाच्या खाली, थोड्या लहान अक्षरात, आणखी दोन नावं.